दीड हातावरचं दार

शनिवार, १५ जुलै २००६. अर्विंग, टेक्सस

दीड हात. जेवणाच्या टेबलापासून संडासाच्या दारापर्यंतचं अंतर. हाताने मोजलं, कुणी बघत नसताना.

देवदत्तने मोटरहोम भाड्याने आणली आहे. तीस फूट लांब. आत ओटा, शेगडी, फ्रिज, दोन पलंग, टेबल, आणि टेबलाला लागून संडास. संडास म्हणजे कपाट. दार प्लॅस्टिकचं, घडी पडणारं. खाली चार बोटं फट. पाणी सोडलं की पंप घुरघुरतो. सगळ्या गाडीला ऐकू जातं. देवदत्तने दोनदा दाखवलं. "हे बघा बाबा, पायाने दाबायचं. नो टेन्शन!"

मला टेबलाची जागा दिली आहे. समोरची ज्ञानदाची. म्हणजे सून बसणार दीड हातावर आणि सासरा आत!

दहा दिवस. इथून सॅन डिएगो. मधे सगळं वाळवंट, तेही जुलैत. घर डोक्यावर घेऊन हिंडायची ही कसली हौस! पण देवदत्तचा हट्ट लहानपणापासून असाच.

बॅगेच्या तळाशी खाकी पाकीट आहे. मी इथे कायमचं राहावं, त्यासाठीचे कागद. देवदत्त आता इथला नागरिक. बापासाठी अर्ज करू शकतो. मी फक्त सही करायची. नाही केली तर वीस ऑगस्टचं परतीचं तिकीट आहेच. मिरजेचं घर, कुलूप, किल्ली शेजारच्या शैलजाताईंकडे.

"ट्रिपमध्ये शांतपणे विचार करा," देवदत्त म्हणाला.

तो 'राहा' म्हणतो. स्वानंदी सहा वर्षांची. ती म्हणते, "आजोबा, स्टे!" — कुत्र्याला म्हणतात तसं, पण प्रेमाने. ज्ञानदा काही म्हणत नाही. मी येऊन चार महिने झाले. एकदाही नाही.

तिला दोष देत नाही. विधुर सासरा कुणाला हवा असतो?

रविवार, १६ जुलै. पश्चिम टेक्सस

रस्ता सरळ. दोन्ही बाजूंना काही नाही. दुपारपर्यंत तेच काही नाही.

ज्ञानदाने प्रत्येकाला एकेक मोठी बाटली दिली. मार्करने नावं घातली — 'बाबा', 'देव', 'स्वा', 'मी'.

"दिवसाला तीन वेळा भरायची आणि संपवायची. मी नागपूरची आहे बाबा. उन्हाशी माझी जुनी ओळख आहे."

एवढं लांब ती माझ्याशी क्वचितच बोलते. मी मान डोलावली. घोट घेतला. ओठ ओले होण्यापुरता.

वय सदुसष्ट. मिरजेचे डॉक्टर म्हणाले होते, या वयात बहुतेक पुरुषांचं होतं. तासाला उठावं लागतं. पाणी प्यालो नाही तर तीन तास निभतात. आणि पेट्रोल पंप येतातच मधे. सोपं आहे.

मे महिन्यात साध्या गाडीने ह्यूस्टनला गेलो, तेव्हाही हेच केलं होतं. शेवटचा अर्धा तास मात्र — जाऊ दे. पंप आला आणि मी उतरलो, विशीतल्या पोरासारखा! कुणाच्या लक्षात आलं नाही. बरं झालं.

मृणालिनी असताना हा प्रश्न नव्हता. एसटीत ती माझ्या चेहऱ्याकडे एकदा बघायची. मग उठून कंडक्टरला म्हणायची, "जरा थांबवा हो, मला जायचंय." दोघं उतरायचो. ती नुसती झाडाखाली उभी राहून परत यायची. तिला जाऊन दोन वर्षं झाली.

सोमवार, १७ जुलै.

पारा १०८ फॅरनहाइट. तहान लागते. सवय होईल.

मंगळवार, १८ जुलै. न्यू मेक्सिको

सकाळी टाकीचा कार्यक्रम. संडासाची टाकी गाडीच्या पोटात असते. मोटरहोमच्या तळावर ती रिकामी करायची. देवदत्त हातमोजे घालून, जाड नळी जोडून, तोंड फिरवून उभा. ऑफिसात याच्या हाताखाली तीस माणसं आहेत! मी लांब थांबलो. मुलाने सुटीत बापाचं हे काढायचं? नाही. आपला निश्चय योग्य आहे.

पण टाकीत फारसं काही नव्हतंच. देवदत्त काट्याकडे बघत राहिला.

"पावसुद्धा नाही यार! कंपनीवाला म्हणाला होता, चार माणसांची दोन दिवसांत भरते."

"चांगली आहे की टाकी," मी म्हणालो.

"काटा बिघडला असेल," ज्ञानदा म्हणाली आणि आत गेली.

शेजारच्या जागेत एक म्हातारा अमेरिकन होता. लॉइड नावाचा. अकरा वर्षं असाच फिरतो. त्याने माझ्या मनगटाची कातडी चिमटीत धरली, सोडली. कातडी उभीच राहिली. "मिस्टर, तुम्ही सुकत चाललात," असं काहीसं म्हणाला. इथे घाम दिसत नाही, येतो आणि उडून जातो. तहान लागण्याआधी प्यायचं. पिता ना?

हो म्हणालो. खोटं इंग्रजीत सोपं जातं.

ज्ञानदाचं काही खरं दिसत नाही. दर तासाला — "देव, पुढच्या पंपावर थांब ना. पाय मोकळे करते."

"आत्ता तर थांबलो होतो! असंच चाललं तर दिवाळीला पोचू." आणि थोड्या वेळाने, पुटपुटत, "मला काय हौस होती का हे धूड चालवायची?"

तिने त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्याने इंडिकेटर लावला.

तिच्या मागोमाग मीही उतरून घेतो. माझी सोय होते. पण मला दिसतं. या डब्यात दिवसभर माझ्यासमोर बसून तिचा जीव घुसमटतो. पाय कसले मोकळे करते! मी समोर नसलेली पाच मिनिटं तिला हवी असतात.

बुधवार, १९ जुलै. टूसॉनच्या अलीकडे

११२. दाराच्या कडीला हात लावला की चटका. चपलेचा तळ डांबराला चिकटतो, सोडताना आवाज होतो.

ज्ञानदाने दुपारी पन्हं काढलं. कैऱ्या घरून उकडून आणल्या होत्या. वेलदोडा, किंचित केशर. ग्लास थंडगार. मी हातात धरला. एक घोट घेतला आणि जीभ वेडी झाली. ग्लास खाली ठेवला.

"आवडलं नाही का बाबा?"

"आवडलं."

"मग?"

"गोड जरा जास्त झालंय."

तिचा चेहरा उतरला. ग्लास उचलून घेऊन गेली. तिनेही घेतलं नाही. स्वानंदी तीन ग्लास प्याली.

चार वाजता थांबलो तेव्हा मी बाटली घेऊन गाडीच्या मागे गेलो आणि अर्धी ओतली. एका काटेरी झुडपाला. तिने संध्याकाळी बाटल्या बघितल्या तर माझी भरलेली दिसायला नको. झुडपाखालची माती आधीच ओली होती. ए.सी.चं पाणी गळत असावं.

विद्यार्थ्यांना सांगत असे — जे लिहायचं नाही ते आधी ठरवा. आता जगण्यातही तेच चाललंय.

गुरुवार, २० जुलै. अरिझोना

डोकं दुखतं. कानशिलांत ठोके.

संध्याकाळी तळावर देवदत्त खुर्ची घेऊन शेजारी बसला. सूर्य बुडाला होता, तरी गरम वारा तोंडावर. ओव्हनचं दार उघडल्यासारखा. ज्ञानदा स्वानंदीला तळावरच्या न्हाणीघरात घेऊन गेली होती.

"बाबा, पाकीट उघडलंत?"

"बघतो."

"मिरजेत एकटे काय करणार? कोण आहे तिथे?"

"ज्ञानदाचं काय म्हणणं?"

"तिचं काय असणार? तिलाच विचारा ना."

"असं विचारतात का?"

"का नाही विचारत?"

याला काय सांगणार! विचारलं की ती 'राहा' म्हणणार. दुसरं काय म्हणेल बिचारी? विचारून मिळवलेल्या उत्तराला किंमत नसते. न विचारता आलं असतं तर गोष्ट वेगळी.

ठरलं. सही नाही. सॅन डिएगोला पोचलो की सांगून टाकतो.

शुक्रवार, २१ जुलै. सकाळ

लघवी चहाच्या रंगाची. आजचा दिवस काढला की संध्याकाळी युमा. आधी आडवाटेला मोठे निवडुंग बघायचेत. स्वानंदीचा आग्रह.

शनिवार, २२ जुलै. दवाखान्यातून

काल जे झालं ते क्रमाने लिहितो. क्रम सुटला तर माझा माझ्यावरच विश्वास बसणार नाही.

मोठा रस्ता सोडून बारा मैल आत गेलो होतो. जुना डांबरी रस्ता, तांब्याच्या खाणीचा. खाण केव्हाच बंद, रस्ता शिल्लक. निवडुंग पाहिले. तीन माणसं उंच, हात वर करून उभे. हजारो. स्वानंदीने एकेकाला "हाय!" केलं. एक वाजता परत फिरलो आणि मागचं टायर फुटलं. बंदुकीसारखा आवाज.

स्टेपनी नाही. भाड्याच्या गाडीबरोबर देत नाहीत म्हणे, फोन करायचा. फोनला रेंज नाही. ११६. आपल्या मापाने सत्तेचाळीसच्या जवळ.

देवदत्त टोपी घालून निघाला. "मी चालत जातो हायवेपर्यंत."

"बारा मैल? या उन्हात? बस खाली!"

तो सातवीत असताना वापरायचो तो आवाज. अजून चालतो. बसला.

जनरेटरवर ए.सी. तासभर चालला. मग जनरेटर तापून बंद पडला. एकदम शांतता. पत्रा तडतडत होता तेवढंच.

ज्ञानदाने सगळं हातात घेतलं. चादरी ओल्या करून खिडक्यांना लावल्या. "वाळ्याचे पडदे समजा." स्वानंदीला ओल्या टॉवेलात गुंडाळलं. "मम्मी, आय ॲम अ बरिटो!" म्हणजे इथला पोळीचा रोल. देवदत्तला मीठ-साखरेचं पाणी करून दिलं, उभं राहून संपवायला लावलं. माझी बाटली भरून माझ्यासमोर ठेवली.

चौघं एका खोलीत. बाहेर पाऊल टाकता येत नव्हतं. पेट्रोल पंप नाही, झुडूप नाही, 'पाय मोकळे करते' नाही. दार दीड हातावर. मी बाटलीला हात लावला नाही.

पाणी नव्हतं असं नाही. टाकीत चाळीस गॅलन होतं! हे मुद्दाम लिहून ठेवतो.

साडेचारला ज्ञानदा बोलता बोलता थांबली. मग म्हणाली, "आई, कूलरमध्ये पाणी टाकलं का गं?"

तिची आई नागपूरला. देवदत्त हसला, त्याला गंमत वाटली. मला नाही वाटली. ती ओट्याला धरून खाली बसली, मग तिथेच आडवी झाली. कपाळाला हात लावला. कोरडं. तव्यासारखं. लग्नाला नऊ वर्षं झाली यांच्या, सुनेला मी कधी स्पर्श केला नव्हता. तिच्या मनगटाची कातडी चिमटीत धरली आणि सोडली, लॉइडने दाखवली तशी.

उभी राहिली.

"पाणी! पाणी दे आधी!"

देवदत्तने टेबलावरची बाटली उचलली. तिच्यावर 'मी' लिहिलेलं. गळ्यापर्यंत भरलेली. समोर माझी. तीही गळ्यापर्यंत भरलेली.

मला विचार करावा लागला नाही. झुडपाखालची ओली माती. न भरणारी टाकी. 'काटा बिघडला असेल.' दर तासाचे पंप. तिने न घेतलेलं पन्हं. कारण मला तोंडपाठ होतं, माझंच होतं ते. मी तिच्या समोर जाऊ शकत नव्हतो. ती माझ्या समोर. सहा दिवस आम्ही दोघं एका टेबलाच्या दोन बाजूंना बसून एकमेकांची मर्यादा राखत होतो!

डोकं मांडीवर घेतलं. चमच्याने पाणी घातलं. स्वानंदी टॉवेलातून बाहेर आली आणि मराठीत म्हणाली, "आजोबा, आईला काय झालं?" ती मराठीत फारसं बोलत नाही. घाबरली होती.

काही वेळाने ज्ञानदाने डोळे उघडले. मला ओळखलं. दोन चमचे गिळले आणि तोंड मिटून घेतलं.

"बस, बाबा. मग परत…"

माझ्या खांद्यावरून दाराकडे बघितलं.

सदतीस वर्षं वर्गात बोललो. या प्रसंगाला वाक्य सापडेना. मग एकच सापडलं. तिचं डोकं उशीवर ठेवलं, उठलो आणि मोठ्याने म्हणालो —

"मी संडासला जाऊन येतो."

आत गेलो. दार ओढलं. लागेना. पुन्हा ओढलं. गुडघे भिंतीला टेकले. जे झालं ते फार थोडं झालं आणि जळजळलं, पण झालं. सगळ्यांनी ऐकलं. पायाने दाबलं. पंप घुरघुरला, जगाला सांगितल्यासारखा.

बाहेर आलो.

"उत्तम सोय आहे," मी म्हणालो.

"आजोबा वेंट!" स्वानंदी टाळ्या पिटत ओरडली. "आजोबा वेंट!"

मग मी माझी बाटली उचलली आणि ज्ञानदासमोर बसून अर्धी संपवली. एका दमात. सहा दिवसांचं पाणी! दुसरी बाटली तिच्या हातात दिली.

"आता तू."

ती हसत होती की रडत होती, सांगता येणार नाही. डोळ्यांत पाणी यायलाही अंगात पाणी लागतं. बाटली दोन्ही हातांनी धरली. प्याली. थांबली. प्याली.

देवदत्त उभा राहून आमच्याकडे बघत होता. "तुम्ही दोघं… म्हणजे… सहा दिवस?"

सहा वाजता पिकअप ट्रक आला. चालवणारी बाई साठीची. आपल्या कुरणाचं कुंपण बघायला निघाली होती. आमच्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही लोक वेडे आहात का?" उत्तराची वाट न बघता बर्फाची पेटी काढली. ज्ञानदाच्या मानेवर, काखेत बर्फ. चाळीस मैलांवरच्या या गावात तिनेच आणून सोडलं. नाव विचारायचं राहिलं.

दवाखान्यात नर्सने सगळ्यांसमोर विचारलं, शेवटची लघवी कधी झाली?

ज्ञानदाने छताकडे बघत सांगितलं, "सकाळी. तळावर."

नर्स माझ्याकडे वळली. माझेही ओठ फुटलेले दिसले असतील. "आणि तुमची, सर?"

"पाच वाजता," मी म्हणालो. जरा अभिमानाने.

दोघांना सलाइन लावलं. शेजारी शेजारी खाटा. मधे पडदा. डॉक्टर देवदत्तला बाजूला घेऊन सांगत होता, मला ऐकू आलं. आणखी दोन तास गेले असते तर — एवढं म्हणून तो थांबला.

पडद्यापलीकडून आवाज आला.

"बाबा, झोपलात?"

"नाही."

"झुडपाला घालत होता ना पाणी?"

"हो. तूही?"

"तेच झुडूप."

मग पडदा हलायला लागला. ती हसत होती. खाटेसकट.

रविवार, २३ जुलै. युमाच्या वाटेवर

टायर बदललं. जनरेटर सुरू. निघालो.

"पन्हं आहे का गं?" मी विचारलं.

"गोड झालंय ना जास्त?"

"आण."

दोन ग्लास प्यालो. तीही दोन प्याली.

अकराच्या सुमारास ती उठली. सवयीने म्हणाली, "देव —" आणि थांबली. "काही नाही. चालव तू." दाराकडे वळली. पाठ ताठ. परीक्षेला निघालेल्या मुलीसारखी.

मी ताबडतोब स्वानंदीकडे वळलो. "चल, पाढा म्हणू. एकोणतीसचा."

"आजोबा, व्हॉट?"

"एकोणतीस एके एकोणतीस!" वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तो आवाज लावला. "एकोणतीस दुणे अठ्ठावन्न!" पुढून देवदत्तही सामील झाला, चुकीचा. एकोणतीस चोक सोळोत्तरशे — परवाच्या उन्हाएवढे. आठव्याला पोचलो तेव्हा दार उघडलं. ती जागेवर येऊन बसली. खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पूर्ण करा बाबा. तीस दिवसांत एकोणतीसचा येतो की नाही बघू तिला."

हे सगळं छान आहे. पण खरं काय ते इथे लिहिलं पाहिजे. ती मरता मरता राहिली, आणि माझ्यामुळे. मी घरात आहे म्हणून ती सहा दिवस तहानलेली होती. कायमचा राहिलो तर? रोज कुठलीतरी बाटली झुडपाला जाणार. प्रत्येक वेळी पिकअप येईलच असं नाही. आमचं हसून झालं म्हणजे प्रश्न सुटला असं होत नाही.

वीस ऑगस्ट बरं. आता तर जास्तच बरं.

सोमवार, २४ जुलै.

टाकी भरली. देवदत्त खूश नाही.

मंगळवार, २५ जुलै. सॅन डिएगो

समुद्र. अंगाला वारा लागला, तोही गार. उद्या गाडी इथेच परत करायची, मग विमान.

देवदत्त शेवटची टाकी रिकामी करून हात धुवत होता. त्याला म्हटलं, "पुढच्या वेळी साधी गाडी घे बाबा. पुरे झाला तुझा हट्ट."

"माझा?" तो वळला. "मला तर आपली गाडी आणि मोटेलच हवी होती. ज्ञानदा ऐकेना. सांगू नकोस म्हणाली होती. ह्यूस्टनहून आलो ना मे महिन्यात, त्याच दिवशी म्हणाली — बाबांना 'गाडी थांबव' म्हणवत नाही रे. संडास बरोबरच घेऊन जाऊ."

मे महिन्यापासून!

मृणालिनी झाडाखाली नुसती उभी राहायची.

गाडीत आलो. खाकी पाकीट काढलं, टेबलाशी बसलो. ज्ञानदा आत होती. पंप घुरघुरला. मी मान वर केली नाही. सही केली.